तिळा तिळा दार उघड : अल्लाउद्दीन मुळात कुठला?

कंदील (धागाकर्ती)

परवा रात्री लेकीला झोपवताना माझ्या लहानपणचं अल्लाउद्दीनचं पुस्तक काढलं. पुठ्ठा कधीच गेलाय, पहिली चार पानं सुटी झालीत, पण गोष्ट शाबूत आहे. "चीन देशातल्या एका शहरात मुस्तफा नावाचा गरीब शिंपी राहत होता," एवढंच वाचलं आणि बाईसाहेब ताडकन उठून बसल्या. "आई, चुकीचं वाचतेयस. तो अरब आहे. सिनेमात वाळवंट आहे."

पुस्तक दाखवलं. छापलेलं चीनच होतं. "मग चीनमध्ये मुस्तफा कसा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झोप आता, म्हटलं, आणि स्वतः मात्र दीड वाजेपर्यंत वाचत बसले.

तर मंडळी, अल्लाउद्दीन खरोखरच चीनचा. म्हणजे 'लांब, फार लांब' या अर्थाचा चीन. तिथे सुलतान आहे, वजीर आहे, मशिदी आहेत. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. 'अल्फ लैला व लैला', म्हणजे हजार आणि एक रात्री, या ग्रंथाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अल्लाउद्दीन नाहीच. अलिबाबाही नाही! आंत्वान गालां नावाच्या फ्रेंच पंडितानं १७०४ पासून या कथांचं भाषांतर छापायला सुरुवात केली. हातातलं हस्तलिखित संपलं, वाचक मात्र आणखी मागत होते. अशा वेळी १७०९ मध्ये पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब नावाचा विशीतला तरुण भेटला. सीरियातल्या अलेप्पोचा, मॅरोनाइट पंथाचा ख्रिश्चन. त्यानं गालांला तोंडी सोळा गोष्टी सांगितल्या. अल्लाउद्दीन, अलिबाबा, राजपुत्र अहमद आणि परी बानू या सगळ्या त्यातल्याच. गालांच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. छापील पुस्तकात मात्र हन्नाचं नाव नाही.

म्हणजे 'अरबी कथा' म्हटल्यावर आपल्याला पटकन ज्या दोन आठवतात, त्या एका सीरियन मुलानं परक्या गावात सांगितलेल्या. हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. तुमच्या घरी या गोष्टी कुठून आल्या? पुस्तकातून, आजीकडून, टीव्हीवरून? आणि यांना अरबी म्हणायचं की नाही?

ग्रंथकीटक

कंदीलताई, विषय छान काढलात. हन्नाबद्दल थोडी भर घालतो, कारण तो माणूस मला गालांपेक्षा जास्त आवडतो.

त्यानं म्हातारपणी, १७६४ च्या सुमारास, आपली प्रवासकथा अरबीत लिहून ठेवली. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. सुरुवातीची पानं गहाळ, त्यामुळे लिहिणारा कोण हेच कळत नव्हतं. १९९३ मध्ये जेरोम लेंतां या फ्रेंच अभ्यासकानं ओळखलं की हा तर गालांचा हन्ना. फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये आलं.

त्यातला एक प्रसंग ऐका. पॉल लुकास नावाचा फ्रेंच प्रवासी हन्नाला दुभाषा म्हणून बरोबर नेतो. सीरियातच एका जुन्या भग्न ठिकाणी लुकास एका मेंढपाळाला जमिनीखालच्या भुयारात उतरवतो. तो वर येतो तेव्हा त्याच्या हातात काय असावं? एक अंगठी आणि एक दिवा!

पुढे हाच हन्ना व्हर्सायला जातो, फ्रान्सच्या राजासमोर, चौदाव्या लुईसमोर, पिंजऱ्यातले वाळवंटी उंदीर घेऊन उभा राहतो, राजवाड्याची दालनं तोंडात बोट घालून बघतो. अल्लाउद्दीनच्या रातोरात उभ्या राहिलेल्या महालात थोडं व्हर्साय मिसळलं असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं. त्याला राजाच्या ग्रंथालयात नोकरीचं गाजर दाखवलं होतं. ती काही मिळाली नाही. बिचारा अलेप्पोला परतला आणि कापडाचा व्यापार करत राहिला.

जाता जाता आणखी एक गंमत. गालांच्या रोजनिशीत अलिबाबाचं नाव 'खोजा बाबा' असं आहे. अली मागाहून झाला.

पगडीबहाद्दर

हे सगळं ठीक. पण मूळ कुठलं हे का कुणी बोलत नाही? गोष्टीत गोष्ट गुंफायची कला आपली. पंचतंत्र, वेताळ पंचविशी, शुकसप्तती. अरबांनी उचललं, फ्रेंचांनी त्यांच्याकडून उचललं, आणि आपण आता त्यांचं कौतुक करतोय. घरचं सोडून शेजाऱ्याच्या ताटातलं चाखायची खोड.

शेवंती

@पगडीबहाद्दर, आलात का! वाटच बघत होते. 😄

ग्रंथकीटक

पगडीराव, निम्मं मान्य.

पंचतंत्राचा प्रवास पक्का आहे. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातल्या बुर्झोयानं ते पहलवीत, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेत, नेलं. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं पहलवीतून अरबीत आणलं, ते 'कलीला व दिम्ना'. आपले करटक आणि दमनक. अरबी गद्याचा पाया ज्या पुस्तकांवर उभा आहे, त्यातलं हे एक.

शहरजाद म्हणजे रोज रात्री राजाला गोष्ट सांगून जीव वाचवणारी राणी, तिच्या गोष्टीच्या चौकटीत बाकीच्या सगळ्या बसतात. त्या चौकटीच्या गोष्टीतही आपला धागा आहे. दोघे राजे भाऊ हिंडताना एक जिन बघतात. त्यानं पळवून आणलेली स्त्री पेटीत कुलूपबंद ठेवली आहे, तरी ती त्याच्या नाकावर टिच्चून पुरुषांकडून अंगठ्या जमवते. आता पाली 'समुग्ग जातक' काढा. त्यात दानव बायकोला पेटीत घालून पेटीच गिळतो, आणि तिनं त्याच पेटीत एक विद्याधर लपवलेला असतो.

पण इथंच थांबलात तर घोटाळा होईल. चौकट इकडची असेल. 'हजार अफसान' या इराणी गोष्टींच्या पुस्तकानं तिला आकार दिला, पात्रांची नावंही इराणीच आहेत. आतला माल मात्र बगदादचा आणि कैरोचा. काझी, न्हावी, दलाल, हमामखाने, माशांचा बाजार, सुंदर बोलणाऱ्या दासी, रात्री वेश पालटून फिरणारा खलिफा हारून अल्-रशीद. कुबड्याच्या गोष्टीतला तो बडबड्या न्हावी घ्या. लग्नाला... चुकलो, प्रेयसीच्या भेटीला निघालेल्या तरुणाची हजामत करायला बसतो आणि आधी मुहूर्त काढतो, मग आपल्या सहा भावांची कहाणी लावतो. तो न्हावी पंचतंत्रात सापडणार नाही. तो शहरातला माणूस आहे.

पगडीबहाद्दर

न्हावी आमच्या पेठेतही असेच असतात हो. पण ठीक, निम्मं मान्य झालं हेही नसे थोडके.

मस्कतवासी

इकडे ओमानमध्ये राहून तेरा वर्षं झाली, तेव्हा सिंदबादची बाजू मी घेतो.

सोहारचे लोक छातीठोक सांगतात की सिंदबाद आमच्या गावचा. (पुस्तकातला सिंदबाद बगदादचा, बसऱ्याहून जहाज पकडणारा. पण सोहारमध्ये हे बोलायचं नाही. चहा मिळत नाही.) इथे अल् बुस्तानच्या चौकात एक लाकडी जहाज ठेवलंय, त्याचंही नाव 'सोहार'. १९८० मध्ये टिम सेव्हरिन नावाच्या दर्यावर्दीनं ते बांधून घेतलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, नारळाच्या काथ्यानं शिवलेल्या आहेत. लाकूड मलबारचं, शिवणारे कारागीर लक्षद्वीपचे. मस्कतहून निघालं आणि १९८१ च्या जुलैत चीनमधल्या कँटनला पोचलं. सिंदबाद खरा की खोटा हा प्रश्न बाजूला राहू दे, त्याचं जहाज खरं होतं एवढं यातून कळलं.

सिंदबादच्या सफरी मुळात वेगळं पुस्तक होतं बरं का. गालांनीच त्या हजार रात्रींच्या भाषांतरात घातल्या. आणि त्यात आपण ठिकठिकाणी आहोत. पहिल्याच सफरीत तो हिंदी लोकांना जातींबद्दल विचारतो. ते सांगतात, आमच्यात ब्राह्मण आहेत, ते दारूला शिवत नाहीत. आणि बहात्तर जाती आहेत. नवव्या-दहाव्या शतकातल्या अरबी खलाशांच्या गप्पा जशाच्या तशा उतरल्यासारखं वाटतं.

आमची मुलं इथे शाळेत अरबी शिकतात. धाकट्यानं एकदा विचारलं, बाबा, 'हम्माल' म्हणजे काय? म्हटलं, अरे, तुझ्या आजोळच्या स्टेशनवर लाल डगला घालून उभे असतात ते!

शेवंती

हमाल!! अरे हो की. सिंदबादच्या गोष्टीची सुरुवातच त्या हमालापासून होते ना? डोक्यावर ओझं घेऊन उन्हात दमलेला, श्रीमंताच्या दारातल्या ओट्यावर टेकतो आणि म्हणतो, देवा, माणसं सारखी आणि नशीब असं उलटं का. मी आजवर ते भाषांतरकारानं मराठीत आणलेलं समजत होते. मूळ शब्दच तो.

मग आणखी शोधले. किस्सा, खजिना, वजीर, काझी, सैतान, अजब, तुफान, खलाशी, मोसम. सगळे अरबीतून आलेले, बरेचसे फारसीच्या हाताला धरून. आजोबा मुंबईच्या म्युझियमला 'अजबखाना' म्हणायचे, त्यातलाही अजब तोच. म्हणजे या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा अर्धं सामान आधीच येऊन पडलं होतं. भाषांतरकाराला 'वजीर'ला प्रतिशब्द शोधत बसावं लागलं नसणार.

आगरातला

चौलचा माणूस आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो.

आमच्या चौलला अरब 'सैमूर' म्हणत. इ.स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी-इतिहासकार इथे येऊन गेला. तेव्हा इकडे शिलाहारांचा झंझ राजा, वर राष्ट्रकूट, ज्यांना अरब 'बल्हरा' म्हणत. मसूदी लिहितो की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी, आणि त्यांची इथंच जन्मलेली मुलं.

आता खरी मजा. याच मसूदीच्या ग्रंथात 'हजार अफसान'चा उल्लेख आहे, की फारसीतून अरबीत आलेलं हे पुस्तक, लोक त्याला 'हजार रात्री' म्हणतात. हजार रात्रींबद्दल लिहून ठेवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक माणूस आमच्या खाडीत उतरला होता! आज तिथे चिखल, तिवरं आणि दोन होड्या. पण संध्याकाळी बंदरावर बसलो की मला हटकून वाटतं, इथल्या नारळाखाली रात्री काय गप्पा झाल्या असतील. कोण कुणाला कुठली गोष्ट सांगत असेल.

त्याच शतकात बुजुर्ग इब्न शहरियार नावाच्या इराणी नाखव्याच्या नावावर 'अजायब अल्-हिंद' हे पुस्तक आहे, हिंदच्या नवलाईच्या खलाशी गोष्टींचं. त्यातही सैमूर येतं. आणि 'नाखवा' हा आमच्या कोळ्यांचा शब्द म्हणजे फारसीतला नाखुदा. पगडीकाकांनी उचललं-उचललं म्हटलं, पण समुद्रावर उचलाउचली नसते, देवाणघेवाण असते. भरतीला आलेलं ओहोटीला परत जातं.

खमंग

वाचतेय. वाचनखूण साठवली. आगरातला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

नेहमीचा_वाचक

अलिबाग = अलिबाबाचा बाग. सिद्ध झालं. धागा बंद करा. 🙏

आगरातला

@नेहमीचा_वाचक, अलिबागचा अली वेगळा. त्याच्या वाड्या होत्या, गुहा नव्हती.

बोरूबहाद्दर

मराठीतल्या प्रवासाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

आपण 'अरबी सुरस आणि चमत्कारिक' हे शब्द ज्या पुस्तकामुळे म्हणतो ते 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ते भाषांतर इंग्रजीवरून सुरू केलं. ते पुरं केलं हरि कृष्ण दामले आणि चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी. होय, तेच निबंधमालेचे विष्णुशास्त्री. मराठी भाषेच्या शिवाजीची लेखणी हारून अल्-रशीदच्या दरबारातही चालली आहे.

कृष्णशास्त्री संस्कृतचे पंडित, मेघदूत मराठीत आणणारे. त्यांना या बाजारगप्पा का कराव्याशा वाटल्या असतील? माझा तर्क असा की तेव्हा मराठी गद्याला वाचक हवा होता. पोथी ऐकणारा माणूस होता, एकट्यानं खुर्चीत बसून छापील पुस्तक वाचणारा घडवायचा होता. 'पुढे काय झालं?' यासारखं आमिष दुसरं नाही. शहरजादनं त्यावर जीव वाचवला, मराठी गद्यानं वाचक मिळवला.

त्याच काळातल्या आपल्या पहिल्या कादंबऱ्या बघा. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. अद्भुत योगायोग, विमानं, हरवलेले आणि सापडलेले राजपुत्र. नावं संस्कृत, चाल मात्र हजार रात्रींच्या ओळखीची. पुढे वास्तववादी कादंबरी आली आणि या सगळ्याला नाकं मुरडली गेली. मला त्या अजूनही वाचवतात. (हे लिहिताना बायको हसतेय.)

आणि मग शब्दांचं नशीब पालटलं. 'सुरस व चमत्कारिक' ही मूळची स्तुती. आज कुणी पुढाऱ्यानं भलती आश्वासनं दिली की आपण म्हणतो, 'ही अरबी सुरस कथा आहे झालं.' ऑफिसात कुणी उशिरा येऊन रेल्वेची सबब सांगितली तरी तेच. एका पुस्तकाचं शीर्षक दीडशे वर्षांत टोमणा झालं. असं दुसरं मराठी पुस्तक मला आठवत नाही.

मोठ्यांसाठी संपूर्ण वाचायचं तर गौरी देशपांड्यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेलं अनेक खंडांतलं भाषांतर आहे. त्यात पडदा नाही.

ग्रंथकीटक

बोरूबहाद्दर, प्रतिसाद नव्हे, लेख आहे हा.

बर्टनवरून एक. हा रिचर्ड बर्टन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी होता, १८४२ मध्ये मुंबईत उतरला. त्यानं मराठीची परीक्षा दिली होती आणि पास झाला होता! गोव्यावरही त्यानं पुस्तक लिहिलं. १८८५ मध्ये त्याचे हजार रात्रींचे खंड निघू लागले, तेव्हा प्रकाशकाचा पत्ता काय, तर 'कामशास्त्र सोसायटी, बनारस'. छपाई अर्थात इंग्लंडात. बनारस हे फक्त तिथल्या अश्लीलताविरोधी कायद्याला चकवायला.

त्यानं वापरलेली अरबी प्रत मुख्यतः कोलकात्याची. १८३९ ते १८४२ मध्ये मॅकनॉटननं चार खंडांत छापवलेली. हा तोच ब्रिटिश अधिकारी मॅकनॉटन, जो डिसेंबर १८४१ मध्ये काबुलात मारला गेला. त्याआधी १८१४ पासून फोर्ट विल्यम कॉलेजसाठी छापलेली दोनशे रात्रींची प्रतही कोलकात्याचीच. अरबीत ही कथा छापून निघाली ती पहिल्यांदा भारतात, कैरोच्या बुलाक छापखान्याची प्रत त्यानंतर, १८३५ ची.

आणि शिकागोच्या अभ्यासक नाबिया अ‍ॅबट. हजार रात्रींचा सर्वांत जुना कागद त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. नवव्या शतकातला चिठोरा, त्यावर शीर्षक आणि शहरजादची बहीण दीनाजाद 'गोष्ट सांग' म्हणते तेवढ्या मोजक्या ओळी. नंतर कुणीतरी तो रद्दी म्हणून गिरवायला वापरला आणि त्या गिरगट्यात तारीख टाकली, इ.स. ८७९ ची. त्या रद्दी करणाऱ्यामुळेच काळ कळला. या बाई तुर्कस्तानातल्या मार्दिनच्या, लहानपणी कुटुंबाबरोबर मोसूल-बगदादवरून बोटीनं मुंबईत आलेल्या, शिक्षण भारतात.

गोधडी

सगळ्यांचं वाचलं. आता एक कडू बोलते.

शहरजादचं 'चतुर राणी' म्हणून कौतुक होतं, ते मलाही मान्य. पण मुलांच्या पुस्तकात सुरुवात कशी असते? 'एक राजा होता, तो रोज एका मुलीशी लग्न करून सकाळी तिला मारायचा.' आणि लगेच पुढे परी-जिन. त्या मेलेल्या मुलींची नावंसुद्धा नाहीत. मोठ्यांच्या आवृत्तीतलं चौकटीचं कथानक आणखी ओंगळ आहे. काळ्या गुलामांबद्दलची भाषा वाचवत नाही. हा वारसा म्हणताना हेही त्यातच येतं ना?

मला स्वतःला अलिबाबाच्या घरची दासी मर्जिना आवडते. अलिबाबा सबंध गोष्टीत करतो काय? झाडावर बसून ऐकतो आणि पैसे उचलतो. दारावरच्या खुणा ओळखणं, सगळ्या दारांवर तशाच खुणा करणं, बुधल्यांतल्या चोरांचा बंदोबस्त, सगळं ती करते. गोष्टीचं नाव मात्र त्याचं.

मस्कतवासी

गोधडीताई, बगदादनं तुमचं ऐकलंय. तिथे सादून रस्त्यावर एक कारंजं आहे, मोहम्मद गनी हिकमत या शिल्पकाराचं, १९७१ चं. चाळीस बुधले आणि त्यांवर तेल ओतणारी मुलगी. अलिबाबा नाहीच! तिला तिथे 'कहरमाना' म्हणतात, चौकाचं नावही तेच. तैग्रिसच्या काठी शहरजाद आणि तिचा राजा शहरियार यांचा पुतळा आहे, तोही याच शिल्पकाराचा.

बोरूबहाद्दर

पण थांबा. अलिबाबाची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितात नाही, पॅरिसमधून आली, आणि बगदादच्या चौकात तिचा पुतळा? म्हणजे परदेशी गेलेला मुलगा साहेब होऊन घरी परतला, तसं झालं हे.

ग्रंथकीटक

परतला खरा, पण मूळचा घरचाच ना? हन्ना अलेप्पोचा. त्यानं या गोष्टी फ्रेंचांकडून शिकल्या नव्हत्या. कॉफीखान्यात, घरात, प्रवासात ऐकलेलं आणि स्वतःचं थोडं मिसळलेलं. लिहिलेलं नव्हतं म्हणून अरबी नव्हतं असं म्हणणं म्हणजे जात्यावरच्या ओव्या छापल्या नव्हत्या म्हणून मराठी नव्हत्या असं म्हणण्यासारखं.

गंमत म्हणजे पुढे अल्लाउद्दीनची अरबी हस्तलिखितं 'सापडली' सुद्धा. पॅरिसमधल्या दोन सीरियन विद्वानांनी तयार केलेली. अभ्यासक मुहसिन महदी यांनी दाखवलं की ती गालांच्या फ्रेंचवरून उलट अरबीत केलेली आहेत. लोकांना कागद हवा होता, कागद पुरवला गेला.

आणि अरब विद्वानांना या पुस्तकाची लाज वाटायची, हेही लक्षात घ्या. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल्-नदीमनं आपल्या ग्रंथसूचीत याला नीरस, पाणचट म्हटलं. कैरोत १९८५ मध्ये एका कोर्टानं असंक्षिप्त आवृत्ती जप्त करायला लावली होती, पुढच्या वर्षी तो निकाल फिरला. २०१० मध्ये तिथल्या काही वकिलांनी सरकारी आवृत्तीविरुद्ध पुन्हा तक्रार केली, ती फेटाळली गेली. त्याच कैरोतल्या नजीब महफूज यांनी याच शहरजादला घेऊन कादंबरी लिहिली. जो ग्रंथ अजून कोर्टात जातो, तो मेलेला नसतो.

खमंग

आमच्या पिढीचं मूळ सांगू? दूरदर्शन, १९९३, सागर मंडळींची 'अलिफ लैला'. शीर्षकगीत लागलं की सगळी चाळ एका घरात. धुराचे लोट, दोरीवर लोंबकळणारे राक्षस. हसू नका, तेव्हा मी चादरीत तोंड घालून बसायचे.

ग्रंथकीटक

(सवयीनं) 'अल्फ' म्हणजे हजार. 'अलिफ' म्हणजे अरबीतलं पहिलं अक्षर. आपल्याकडे नाव बदलून गेलं.

खमंग

बडबड्या न्हावी कोण ते आता कळलं. 😜

आजीचा_बटवा

एवढ्या विद्वानांत लिहायला संकोच वाटतो, पण कंदीलताईंनी विचारलंय 'घरी कुठून आल्या', म्हणून लिहिते.

आमच्याकडे आजीकडून. आजीला अक्षरओळख जेमतेम. तिनं ही गोष्ट माहेरी तिच्या मामाच्या तोंडून ऐकलेली, आणि मामानं म्हणे कुठल्याशा पुस्तकातून. तिच्या गोष्टीत अलिबाबाचा भाऊ कासिम गुहेत अडकतो आणि तीळ हा शब्द विसरतो. पुस्तकात तो 'जवा' म्हणतो. आजीचा कासिम मात्र सगळं कोठार धुंडाळायचा. "ज्वारी ज्वारी दार उघड." नाही उघडत. "बाजरी बाजरी दार उघड." नाही. नाचणी, वरी, राळा, हुलगा, मटकी, चवळी. आम्ही सहा नातवंडं, झोप कुठली येतेय. आम्ही ओरडायचो, "तीळ! अरे तीळ!" आणि आजी म्हणायची, "त्याला ऐकू येत नाही रे, दगडाचं दार आहे."

संक्रांतीच्या आदल्या रात्री ही गोष्ट ठरलेली. तीळ भाजायला घेतले की आजी कढईसमोर बसूनच सुरू करायची. मी कितीतरी वर्षं समजत होते की ही संक्रांतीची कहाणी आहे, जशी दिव्याच्या अवसेची असते तशी.

मस्कतवासी

अरबीत 'इफ्तह या सिमसिम'. १९७९ मध्ये मुलांसाठी कुवेतमध्ये तयार झालेल्या टीव्ही कार्यक्रमाचं नावही तेच होतं, इथले चाळिशी-पन्नाशीचे सगळे त्यावर वाढलेले. सिमसिम म्हणजे तीळच. आजींना माझा नमस्कार सांगा.

आजीचा_बटवा

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. पण सांगते.

पगडीबहाद्दर

आमच्याकडे कासिम शेवटी "साबुदाणा साबुदाणा" म्हणायचा. वडील उपासाच्या दिवशी गोष्ट सांगायचे. (हे मी इथे पहिल्यांदाच कबूल करतोय, की आमच्या घरी वेताळ पंचविशीआधी अलिबाबा आला.)

गोधडी

साबुदाणा!! 😂 पगडीकाका, तो तर ब्राझीलच्या कंदाचा.

पगडीबहाद्दर

आता तेवढं तरी राहू द्या हो.

कंदील (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, खूप दिलंत. काल रात्री लेकीला हन्ना दियाबची गोष्ट सांगितली. भुयारातला मेंढपाळ, अंगठी, दिवा, व्हर्सायचे उंदीर. शेवटी सांगितलं की त्याचं नाव पुस्तकात छापलंच नाही.

तिनं थोडा विचार केला. मग उठली, पेन्सिल आणली आणि त्या फाटक्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'सांगणारा : हन्ना'. खाली स्वतःचंही नाव लिहिलं. 'ऐकणारी' म्हणून.

आज रात्री अलिबाबा. धान्यांची यादी मी लिहून घेतलीय. राळा कसा दिसतो ते मात्र मलाच माहीत नाही. कुणाकडे असेल तर फोटो टाका.